मनगटाला टेकणाऱ्या बाजूचे काय?

महोदय,

दीड-दोन हजारांच्या स्मार्टवॉचची स्पर्धा पडद्याचा आकार, ब्लूटूथ कॉलिंग आणि शेकडो वॉचफेस यांवरच चालते. मागच्या सेन्सरबद्दल डब्यावर चकार शब्द नसतो. नाडी मोजायला हिरवा एलईडी चालतो. रक्तातला ऑक्सिजन मोजायला साधारणपणे लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश लागतो. हे दिवे नसताना दिसणाऱ्या आकड्यावर घरच्या आजाऱ्याची काळजी घेणे धोक्याचे आहे. सुई न टोचता रक्तशर्करा सांगण्याचा दावा तर सरळ नाकारावा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) फेब्रुवारी २०२४मध्ये अशा घड्याळांविरुद्ध इशारा दिला आहे.

मोठे, जड घड्याळ धावताना हलते, फटीतून बाहेरचा उजेड शिरतो आणि सेन्सर पावलांची लयच नाडी म्हणून मोजू लागतो. मिनिटाला १६० पावले पडत असतील, तर नाडीही १६०च्या आसपास अडकलेली दिसते. हलका, अरुंद फिटनेस बँड इथे अनेकदा सरस ठरतो. तो मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घसरणार नाही इतपत घट्ट बांधावा.

‘कनेक्टेड जीपीएस’ म्हणजे फोनचे जीपीएस. फोन घरी राहिला की अंतर पावलांवरून अंदाजाने काढले जाते. पोहण्यासाठी नुसते आयपी६८ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचे मानांकन) पुरेसे नाही, ५ एटीएम (५० मीटर खोल पाण्याइतका दाब सोसण्याचे मानांकन) पाहावे.

सेन्सरचे प्रकार, जीपीएस आतले की फोनचे आणि पडदा सतत चालू (ऑलवेज-ऑन) ठेवून बॅटरी किती दिवस टिकते, हे डब्यावर छापणे सरकारने सक्तीचे करावे.

– एक वाचक, पुणे