प्राण्यांच्या ममींचा अभ्यास

महोदय,

इजिप्तच्या ममी म्हटले की राजे आणि सुवर्णमुखवटे आठवतात. त्याच वाळूतल्या मांजरे, श्वान, बहिरी ससाणे आणि आयबिस पक्षी यांच्या लाखो ममींबद्दल मराठीत फारच त्रोटक लिहिले जाते, याची खंत वाटते. लाहोरमध्ये जन्मलेल्या आणि कैरोच्या अमेरिकन विद्यापीठात अध्यापन करणाऱ्या सलिमा इक्राम यांनी आपल्या कारकिर्दीचा मोठा भाग याच विषयाला दिला. कैरोच्या संग्रहालयातील प्राण्यांच्या ममींची क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासणी तर त्यांनी केलीच, शिवाय मेलेल्या सशांना नॅट्रॉन या नैसर्गिक क्षारात वाळवून प्राचीन कारागिरांची पद्धत स्वतःच्या हातांनी पडताळून पाहिली. मला त्यांच्या कामातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

यातील बहुतेक ममी देवाला वाहिलेल्या असत. नवस फेडण्याशीच त्यांचे नाते अधिक. कैरोजवळच्या सक्कारा या प्राचीन दफनभूमीतील, कोल्ह्याचे मुख असलेल्या अनुबिस देवाच्या भुयारांत सुमारे 80 लाख प्राणी, मुख्यतः श्वान, ठेवले गेले असावेत, असा पुरातत्त्वज्ञ पॉल निकोल्सन यांच्या पथकाचा अंदाज आहे, आणि त्यांतली अनेक पिल्ले जन्मानंतर काही तासांत वा दिवसांतच मेलेली होती. हे वाचून मन हेलावते.

1890 मध्ये इजिप्तमधून लिव्हरपूलला आणलेल्या सुमारे 1,80,000 मांजरांच्या ममी खत म्हणून विकल्या गेल्या. त्या आज अभ्यासकांना मिळत्या, तर किती प्रश्न सुटले असते! आपल्या पुरवणीत या संशोधनावर सविस्तर लेखमाला द्यावी, ही विनंती.

— एक वाचक, पुणे