गाजरगवत फुलोऱ्याआधीच उपटायला हवे

महोदय,

आमच्या वसाहतीलगतच्या उद्यानात गेले तीन पावसाळे दर रविवारी सकाळी वीस-पंचवीस रहिवासी गाजरगवत उपटण्यासाठी जमतात. शेजारच्या वस्तीतील काही महिलाही येतात, आणि मुळासकट तण काढण्याचे त्यांचे कसब पाहूनच आम्ही बाकीचे हे काम शिकलो. १९५५ च्या सुमारास या वनस्पतीची भारतातील ठळक नोंद प्रथम पुण्यातच झाली, त्यामुळे पुणेकरांनी ती हटवण्यासाठी वाकावे, हे मला अतिशय योग्य वाटते.

मात्र या मंडळींच्या श्रमांवर दरवर्षी पाणी पडते आणि त्याचे कारण साधे आहे. उद्यानाची देखभाल ज्यांच्याकडे आहे, त्यांचे गवत कापण्याचे यंत्र गणपतीच्या तोंडावर फिरते. तोवर सगळे मैदान पांढऱ्या फुलांनी भरलेले असते. वरून छाटलेले रोप बुडापासून पुन्हा फुटते, तर पिकलेले बी यंत्राबरोबर आणि चिखलाने भरलेल्या चपलांबरोबर कोपऱ्याकोपऱ्यात पोहोचते. एकेका रोपाला हजारो बिया धरतात आणि त्या मातीत काही वर्षे टिकून राहतात, हे लक्षात घेतले तर एका चुकलेल्या महिन्याची किंमत कळते. पहिल्या पावसात उगवलेले रोप साधारण चार ते सहा आठवड्यांत फुलावर येते. म्हणून आषाढात, जमीन ओली आणि रोप अजून जमिनीलगत पसरलेले असताना, ते उपटणे सर्वांत सोपे आणि परिणामकारक ठरते. फुलोऱ्यावर आलेल्या रोपांना हात लावल्याने अंगावर पुरळ उठून आमच्यातील दोघांना हे काम सोडावे लागले. हातमोजे आणि तोंडावर रुमाल यांत हयगय नको, हे आम्ही उशिरा शिकलो.

गाजरगवताची पाने खाणारे भुंगेरे मेक्सिकोतून आणून १९८४ पासून आपल्या देशात सोडण्यात आले. पावसाळ्यात ते आमच्या उद्यानातही दिसतात, आणि कीड समजून मुले त्यांना चिरडतात, याचे वाईट वाटते. पालकांनी मुलांना त्यांची ओळख करून द्यावी.

उपटून मोकळी झालेली जागा तशीच राहिली तर तिथे पुन्हा तेच तण माजते. टाकळा, ज्याला विदर्भात तरोटा म्हणतात, दाट उगवून गाजरगवताला वाढू देत नाही, आणि त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी आपल्याकडे आवडीने खाल्ली जाते. हिवाळ्यात वाळलेल्या शेंगांतून आम्ही त्याचे दोन पोती बी गोळा केले आहे. ते पावसाआधी पेरण्याची लेखी परवानगी संबंधितांनी मे महिन्यापर्यंत द्यावी आणि यंत्र फिरवण्याची तारीख स्वयंसेवकांशी बोलून आषाढातच ठरवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक रहिवासी, पुणे