हात मागे घेण्याचे शिक्षण

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

गेल्या रविवारी फोनवर बाबांनी विचारले की, दोन पदव्या घेऊन तू परक्यांची आयागिरी का करणार, आणि मी तोंड उघडण्याआधीच आईने हवेचा विषय काढला. बाबा, तुमचा प्रश्न रास्त होता, मात्र त्याचे उत्तर देण्याइतकी मी त्या वेळी शांत नव्हते. म्हणून हे पत्र.

मी ज्या कामाचे प्रशिक्षण घेते आहे त्याला इंग्लंडमध्ये अडल्ट सोशल केअर, म्हणजे प्रौढांची रोजची काळजी, म्हणतात. त्यात वृद्धांबरोबरच तरुणपणीच अपंगत्व आलेली, गतिमंद किंवा मानसिक आजार असलेली १८ वर्षांवरील माणसेही येतात. कोणी केअर होममध्ये राहते, तर कोणी स्वतःच्या घरी, जिथे केअरर, म्हणजे काळजी घेणारा साहाय्यक, दिवसातून काही वेळा जाऊन येतो. नव्या माणसाची सुरुवात बहुधा केअर सर्टिफिकेटने होते. २०१३ साली एका रुग्णालयातील भीषण हेळसांडीचा चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला, त्यापाठोपाठ पत्रकार कॅमिला कॅव्हेंडिश यांनी असे दाखवून दिले की, ज्यांच्या हाती रुग्ण आणि वृद्ध सर्वाधिक वेळ असतात त्या साहाय्यकांच्या प्रशिक्षणाला एकसारखा दर्जाच नाही. त्यातून २०१५ मध्ये हे सर्टिफिकेट आले. सुरुवातीला त्यात १५ विषय होते, आता गतिमंदत्व आणि स्वमग्नतेचा विषय धरून १६ आहेत. वर्गात ऐकून किंवा संगणकावर प्रश्न सोडवून ते मिळत नाही, प्रत्यक्ष कामावर कोणीतरी आपल्याला पाहावे लागते. साधारण १२ आठवड्यांत ते पुरे करावे अशी अपेक्षा असते आणि माझा सध्या सातवा आठवडा चालू आहे.

मला वाटले होते की, आजीचे शेवटचे तीन वर्षांचे आजारपण पाहिलेल्या मला यात नवीन शिकण्यासारखे फारसे नसेल. हा गर्व दुसऱ्याच दिवशी उतरला. त्या दिवशी आम्हा प्रशिक्षणार्थींना एकेकाला स्लिंगमध्ये, म्हणजे कापडी झोळीत, बसवून होइस्टने, म्हणजे माणूस उचलण्याच्या यंत्राने, उचलण्यात आले. पाय जमिनीवरून सुटले, अंग किंचित हेलकावले, आणि खालच्या दोघी माझ्या डोक्यावरून एकमेकींशी बोलत राहिल्या. मला काही होणार नाही हे ठाऊक असूनही मी पट्टा घट्ट धरून ठेवला. खाली आल्यावर प्रशिक्षकांनी एवढेच विचारले, ‘तुम्हाला उचलण्याआधी कोणी सांगितले होते का?’ कोणीच सांगितले नव्हते.

त्यानंतर उठवण्याचा पाठ झाला. काखेत हात घालून माणसाला वर ओढणे इथे निषिद्धच मानले जाते, कारण त्याने म्हाताऱ्या खांद्याचा सांधा निखळू शकतो आणि उचलणाऱ्याची कंबरही जाते. त्याऐवजी माणसाला खुर्चीच्या कडेशी सरकायला सांगायचे, पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायला लावायची, नाक पावलांच्या पुढे येईल इतके वाकू द्यायचे, दोन्ही तळहात खुर्चीच्या हातांवर रेटायला सांगायचे आणि आपण शेजारी उभे राहून वाट पाहायची. यातले वाट पाहणे सर्वांत अवघड आहे. एखाद्याला दोन मिनिटे लागतात, आणि आपले हात शिवशिवत असतात.

इथेच मला आजी आठवली. आपण तिला काहीच करू दिले नाही. ती वेणी घालायला बसली की आई, तू कंगवा घ्यायचीस. ती उठू लागली की बाबा काखेत हात घालायचे. आणि मी तिला भरवायचे, कारण तिच्या हातून सांडायचे. लोक म्हणायचे, किती करतात म्हातारीचे! कोणाच्याही मनात खोट नव्हती. पण जे हात वापरले जात नाहीत ते लवकर विसरतात, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवले गेले. पहिल्या वर्षी स्वतः बटणे लावणारी आजी दुसऱ्या वर्षी नुसते हात वर करून बसायची, ते केवळ आजाराने झाले असे मी आता छातीठोकपणे म्हणू शकत नाही. हे तुम्हाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. भरवणारी मीच होते.

गोळ्यांचेही तसेच. आपण तिच्या सगळ्या गोळ्या कुटून द्यायचो. काही गोळ्यांमधले औषध शरीरात हळूहळू सुटावे अशी त्यांची घडण असते, त्या कुटल्या तर दिवसभराची मात्रा एकदमच उतरते. इथे माणूस, औषध, मात्रा, वेळ आणि देण्याची पद्धत तपासल्याशिवाय गोळी हातावर ठेवायची नसते, ठेवली की तक्त्यावर सही करायची असते, आणि समोरच्याने ‘नको’ म्हटले तर तेही लिहायचे असते. जेवणात लपवून देणे हा आपला घरगुती उपाय इथे डॉक्टर, औषधतज्ज्ञ आणि घरचे यांच्याशी विचारविनिमय करून घेतलेल्या लेखी निर्णयाशिवाय करता येत नाही.

‘नको’ म्हणण्याच्या या हक्कामागे २००५ चा मेंटल कपॅसिटी अॅक्ट, म्हणजे माणसाच्या निर्णयक्षमतेचा कायदा, आहे. त्याची पाच तत्त्वे आमच्याकडून अक्षरशः पाठ करून घेतली गेली. माणसाला निर्णय घेता येतो असेच धरून चालायचे, येत नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी दुसऱ्याची. आणि एखादा निर्णय आपल्याला मूर्खपणाचा वाटला एवढ्यावरून त्याला समज नाही असे मानायचे नाही. मी ज्यांच्याकडे जाते त्यांच्यापैकी एक आजोबा (नाव सांगणार नाही, तेही शिक्षणातच येते) थंडीत खिडकी उघडी ठेवून बसतात. पहिल्या दिवशी मी ती न विचारता लावली. ते काही बोलले नाहीत, मी जाईपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. आता मी त्यांना एक जादा शाल हवी का ते विचारते आणि खिडकी उघडीच राहते.

लिहिण्याचा पाठ तुम्हाला आवडेल, बाबा, कारण तुम्ही आयुष्यभर कार्यालयीन टिपणे लिहिलीत. ‘आज चिडचिड करत होत्या’ असे नोंदवायचे नाही. ‘जेवणाचे ताट दोनदा बाजूला सारले, उजव्या गालावर हात ठेवून होत्या’ असे लिहायचे. पहिल्या वाक्यातून स्वभाव दिसतो आणि दुसऱ्यातून दुखरी दाढ. त्वचेबद्दलही असेच नेमके पाहायला शिकवतात. टाचेवर किंवा माकडहाडावर लाली आली आणि बोटाने दाबूनही ती फिकट झाली नाही, तर तिथे शय्याव्रणाची सुरुवात असते. मात्र आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर लाली दिसेलच असे नाही, तेव्हा हात लावून ऊब, टणकपणा किंवा शेजारच्या त्वचेहून वेगळा रंग शोधावा लागतो.

सगळेच चांगले आहे असे नाही. पगार कमी आहे. मी आधी ज्या एजन्सीकडे गेले होते तिथे एका घरून दुसऱ्या घरी जाण्याच्या वेळेचे पैसे मिळत नव्हते आणि १५ मिनिटांत एका माणसाची सकाळ उरकायची होती. शिकलेले काहीच तिथे वापरता येईना, म्हणून मी ती सोडली. इंग्लंडमध्ये नर्सप्रमाणे केअररची सरकारी नोंदवही नाही, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये ती आहे, आणि मला ही उणीव मोठी वाटते. पुढे लेव्हल ३ चा डिप्लोमा आणि जमल्यास व्यवस्थापकांसाठीचा लेव्हल ५ करण्याचा विचार आहे. तेव्हा आयागिरी म्हणा, माझी हरकत नाही. फक्त ती शिकावी लागते, एवढेच मला म्हणायचे आहे.

आता एक काम. बाबांच्या गुडघ्याचे आईकडून कळले. आई, ते उठताना तू त्यांना हात देऊ नकोस; वर लिहिल्याप्रमाणे त्यांना पुढे सरकून, वाकून, हातांवर रेटून उठू दे, आणि खुर्ची बुटकी असेल तर उंच घ्या. दुसरे म्हणजे, केअर प्लॅनच्या, म्हणजे प्रत्येकाच्या काळजीच्या लेखी आराखड्याच्या, पहिल्या पानावर आजारांच्या आधी काही प्रश्न असतात: तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, किती वाजता उठायचे असते, आंघोळ सकाळी की रात्री, दिवा लावून झोपता की मालवून, आणि कोणती गोष्ट दुसऱ्याने तुमच्यासाठी कधीच करू नये. परक्यांना मी हे रोज विचारते, आणि तुमच्या बाबतीत यातल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मला माहीत नाही. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकांना न दाखवता लिहा, आणि मला पाठवा.

तुमची,
धाकटी