सुमे, टाक्यांचं कुणी सांगत नाही

खानापूर,
14 जुलै

प्रिय सुमे,

आठवा लागला म्हणतेस. टोपडी, दुपटी सगळी तयार. तुझ्यासाठी काय ठेवलंयस ते लिहिलंच नाहीस की गे, म्हणून हे पत्र.

माझं बाळंतपण 'सरळ' झालं म्हणतात सगळे. टाके पडले त्याचं कोण विचारतंय! लघवीला बसलं की मिरची लागल्यागत आग व्हायची. नर्स कन्नडमध्ये काहीतरी म्हणाली, मला कळेना. मग तिनं तांब्याच उचलून दाखवला. बसल्या बसल्या वरून कोमट पाण्याची धार सोडायची. त्या तांब्यानं तारलं बघ मला.

घरी आल्यावर घोळ केला तो मीच. इथला पाऊस तुला ठाऊक आहे. आईच्या जुन्या लुगड्याच्या घड्या वाळायच्याच नाहीत, शेगडीवर धरून ओलसरच घ्यायचे. आठव्या दिवशी ठणका वाढला, वास यायला लागला. अंगावरून जातंय त्याचाच असेल म्हणून दोन दिवस गप्प बसले. लाज, दुसरं काय? सासूबाईंनी ओव्याची धुरी वाढवली. रात्री हुडहुडी भरली, ताप 101. सकाळी आशाताईनं बाळंतपणाच्या नोंदींचं तायी कार्ड काखेत मारलं आणि मला रिक्षात घातलं. तपासताना नर्स म्हणाली, "कीवु आगिदे." एवढं कन्नड मात्र लगेच कळलं. पू झाला होता, एक टाका उसवला होता. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी दवाखान्यातून दिलेल्या गोळ्या सगळ्या संपवल्या.

तू पॅडच वापर, तीन-चार तासांनी बदल, आधी आणि नंतर हात धू. पुसायचं पुढून मागे. पहिले एक-दोन दिवस फडक्यात गुंडाळून बर्फ धर, सूज उतरते. पुढे टबात कोमट पाणी घेऊन दहा मिनिटं बस, त्यात काही घालू नकोस. पाणी कमी पी म्हणतील, तेवढं ऐकू नकोस. खडा झाला की जोर टाक्यांवरच येतो. डिंकाचे लाडू खा, पण पालेभाजीही खा. दुखलं तर पॅरासिटामॉल अंगावर पाजतानाही चालते, डोस डॉक्टरांना विचार. धुरीचा वास मलाही आवडतो, पण जखमेजवळ निखारा नको.

ताप 100.4 च्या वर, घाण वास, पू, वाढता ठणका, उसवलेला टाका, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठ. उशीखाली हातआरसा ठेव. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला रडू फुटलं. मग वेणी घालताना बघावं तसं रोज बघायला लागले.

बारशाला निपाणीला येतेच. तांब्या माझाच आणते, तुमच्याकडचे सगळे जड आहेत.

तुझी,
मंदा