उचल मागायला जो लाजतो, त्याचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छोट्या उद्योगांत माणसे टिकत नाहीत, ही भोसरी आणि नऱ्हे परिसरातील उद्योजकांची तक्रार आपल्या दैनिकात वाचली. तक्रार खरी आहे. मी अशाच काही ठिकाणचे जमाखर्च आणि पगारपत्रक सांभाळते. भोसरीतले फॅब्रिकेशनचे गाळे आहेत, नऱ्ह्यातला एक छापखाना आहे, लक्ष्मी रोडवरचे साड्यांचे दुकान आहे. कुठे सात माणसे, कुठे सोळा. इथले मालक मनाने वाईट नाहीत. कामगाराच्या मुलीच्या लग्नाला सहकुटुंब जातात, अडीअडचणीला दवाखान्याचे बिलही भरतात. तरी माणसे जातात. माझ्या मते याचे मोठे कारण म्हणजे या ठिकाणी माया आहे, पण लेखी काही नाही. रजा, उचल म्हणजे पगारातून आगाऊ घेतलेली रक्कम, पगाराची तारीख, सगळे मालकाच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर.

उचलीचेच घ्या. बहुतेक ठिकाणी मालकाच्या ड्रॉवरमध्ये एक छोटी वही असते. शाळेची फी 5,000, गावी जाणे 3,000, गॅस 1,000, अशा नोंदी आणि समोर सह्या. कुणाला किती द्यायची आणि किती हप्त्यांत कापायची, हे ठरलेले नसते. जो धीटपणे केबिनमध्ये शिरतो त्याला मिळते. भोसरीतला एक वेल्डर, हाताला अतिशय स्वच्छ काम, हातमोजे काढून केबिनच्या दारापर्यंत यायचा आणि आत कोणी बसलेले दिसले की परत फिरायचा. वहीत त्याच्या नावाचे पान जवळजवळ कोरे होते. त्याला गरज नव्हती म्हणून नव्हे, तो बाहेरून व्याजाने पैसे घेत होता. पुढे तो चाकणला गेला. पगार हजार-बाराशेनेच जास्त होता, पण तिथे दर महिन्याला पगाराची स्लिप मिळते आणि रजेचा अर्ज छापील असतो, कुणासमोर उभे राहावे लागत नाही.

त्यानंतर त्या मालकांनी माझे ऐकले. आता हजेरीपत्रकाशेजारी एक कागद लावलेला आहे: 20 तारखेला पगाराच्या चौथ्या हिश्शापर्यंत उचल, बिनव्याजी, कारण विचारले जाणार नाही, चार हप्त्यांत कापली जाईल. फक्त नाव लिहायचे. पहिल्याच महिन्यात ज्यांनी नावे लिहिली, त्यातल्या काहींनी आजवर कधी तोंड उघडले नव्हते. कपातीला कायद्यानेही मर्यादा आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार एकूण कपात पगाराच्या निम्म्याहून जास्त करता येत नाही, मासिक पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत व्हायला हवा आणि काम सोडणाऱ्याचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायला हवा. हे मालकांना सांगितले की ते चकित होतात, कामगारांना तर कोणी सांगतच नाही.

दुसरी गोष्ट ईएसआयसीची, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याची, आणि इथे मला मनापासून राग येतो. दहा माणसे झाली की ही योजना लागू होते, म्हणून मस्टरवर, म्हणजे हजेरीपत्रकावर, नऊ आणि उरलेले नोंद न करता 'कॅशवर' ठेवण्याची पद्धत सर्रास आहे. वाचतात किती? 18,000 रुपये पगाराच्या माणसामागे मालकाचे 3.25 टक्के म्हणजे 585 रुपये, कामगाराचे 0.75 टक्के म्हणजे 135. त्याच्या बदल्यात 21,000 पर्यंत पगार असलेल्या कामगाराला कुटुंबासह उपचार मिळतात, लागोपाठ वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात वर्षातून 91 दिवसांपर्यंत 70 टक्के वेतन मिळते, आणि कामावर अपघात झाला तर बरे होईपर्यंत 90 टक्के. पॉवर प्रेसवर बोट गेलेल्या माणसाला मालकाने 'माणुसकीने' दिलेले दोन महिन्यांचे पैसे आणि हक्काचे हे पैसे यात केवढा फरक आहे! मोहननगर, चिंचवडचे ईएसआय रुग्णालय भोसरीपासून जवळ आहे. पण ज्यांची वर्गणी दरमहा कापली जाते, त्यांच्यातल्याही कित्येकांच्या हातात कार्ड दिलेले नसते.

मालकांची बाजूही मांडायला हवी. मोठ्या कंपन्या बिलाचे पैसे तीन-तीन महिने अडकवतात आणि 7 तारीख आली की गाळेवाला मित्राकडे हात पसरतो. लघुउद्योगांचे पैसे 45 दिवसांत देण्याचे बंधन 2006 च्या एमएसएमईडी कायद्यात आहे. ते पाळले गेले, तर निम्मे पगार आपोआप वेळेवर होतील.

दुकानातल्या मुलींबद्दल फार कमी बोलले जाते. दिवाळीच्या सीझनला लक्ष्मी रोडवर सकाळी दहा ते रात्री नऊ त्या उभ्या असतात. केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये दुकानातील कर्मचाऱ्यांना बसायला आसन देणे बंधनकारक केले. आपल्याकडे काउंटरमागे चार स्टूल ठेवायला कायद्याची वाट कशाला बघायची? दहापेक्षा कमी माणसे असलेल्या दुकानात लैंगिक छळाची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते, हेही भिंतीवर लिहिलेले असावे. त्याच भिंतीवर 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा मोफत क्रमांकही असावा.

प्रत्येक गाळ्याला स्वतंत्र एचआर मॅनेजर परवडणार नाही, हे मला मान्य आहे. पण दहा-बारा गाळे मिळून जसा एक अकाउंटंट ठेवतात, तसा एक माणूस ठेवू शकतात. तो नेमणूकपत्रे करील, रजांचा हिशेब ठेवील, ईएसआयचे कार्ड काढून देईल आणि आठवड्यातून एकदा प्रत्येक ठिकाणी बसून माणसांचे ऐकून घेईल. मालकाला जे सांगता येत नाही ते या तिऱ्हाइताला सांगता येते. पुण्यात मराठा चेंबर ही उद्योजकांची संस्था 1934 पासून आहे, औद्योगिक वसाहतींच्या संघटना आहेत. त्यांनी एखाद्या वसाहतीत वर्षभर असा प्रयोग करून पाहावा. भोसरीत गुरुवारची सुट्टी असते, तेव्हा बैठकीला मालकही मोकळे असतात. आणि आपल्या दैनिकाने रजा, उचल, ईएसआय आणि पगाराचे नियम सोप्या मराठीत एका चौकटीत छापावेत. निदान माझ्याकडच्या ठिकाणी ते कात्रण मी स्वतः हजेरीपत्रकाशेजारी चिकटवीन.

कळावे,
आपली नियमित वाचक,
धायरी, पुणे