‘ब’ परत मिळवून देणाऱ्या डॉक्टर ताईंना

आदरणीय डॉक्टर ताई,
सप्रेम नमस्कार.

परवा कांद्याच्या लिलावात एका ट्रॉलीपाशी मी ‘बाराशे पाच, बाराशे दहा’ असं पुकारलं आणि पार मागे उभ्या असलेल्या शेतकऱ्याने मान डोलावली. त्याला पहिल्याच झटक्यात कळलं. घरी आलो आणि पत्र लिहायला बसलो.

२०२१ च्या मे महिन्यात कोरोनातून उठलो तेव्हा शुगर वाढलेली, अंगात स्टेरॉइड गेलेलं. म्युकरने, म्हणजे त्या काळ्या बुरशीने, वरचा जबडा गाठला. त्यावरच्या अँफोटेरिसिनच्या एकेका इंजेक्शनसाठी भाऊ वणवण फिरला. उजवा जबडा, दात आणि टाळूचा अर्धा भाग काढावा लागला. जीव वाचला, पण तोंड आणि नाक यांच्यामधली भिंतच गेली. चहाचा घोट नाकातून बाहेर यायचा. ‘ब’साठी ओठ मिटले की हवा वरूनच निसटायची. ‘बाराशे’चं ‘माराशे’ व्हायचं, ‘दहा’चं ‘नहा’. उभी हयात कांद्याचे भाव पुकारण्यात गेलेला मी भुईकाट्यावर मुकाट पावत्या फाडत बसायचो.

टाळूचं भोक बुजवायला आधी ऑपरेशनच्या वेळची दातांची प्लेट, मग तात्पुरती, जखम आकसत गेली तशी तीही ढिली. शेवटी तुम्ही कायमची केलीत. खड्ड्यात बसणारा तिचा गोळा आतून पोकळ, म्हणजे वजनाने प्लेट खाली ओघळायला नको. भाकरी चावता येऊ लागली. ‘आता झालं की, मॅडम,’ असं मीच म्हणालो होतो.

तुम्ही म्हणालात, ‘काका, बाजारात म्हणता तसं म्हणून दाखवा.’

ते ऐकून घशात आवंढा आला होता. तोवर माझं बोलणं कुणी मुद्दाम ऐकायला मागितलं नव्हतं. नाकाखाली छोटा आरसा धरून तुम्ही ‘पपई, बाबा, पाट’ म्हणायला लावलंत. काच धुरकटली. गोळ्याच्या मागच्या कडेला थोडी भर घातलीत, पुन्हा आरसा. चौथ्या खेपेला काच कोरडी राहिली, तेव्हा तुम्ही काही न बोलता आरसा माझ्याकडे वळवलात.

मग ‘स’. साठ, सत्तर, सातशे म्हणताना शीळ वाजायची. प्लेटवर पावडर भुरभुरून बोलायला लावलंत, जीभ टेकली तिथली पावडर पुसली गेली. दातांमागे कुठे घासायचं, कुठे वाढवायचं, ते त्या खुणांवरून ठरलं. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले ‘च’ वेगळे, हे जन्मभर बोलत आलो, पण जीभ कुठे टेकते ते त्या पावडरीने दाखवलं. बाहेर पेशंटची रांग होती, तरी तुम्ही घाई केली नाहीत. ताई, हे उपकार मी विसरणार नाही.

रात्री प्लेट काढून धुऊन पाण्यात ठेवतो. तेव्हा आवाज पुन्हा नाकात जातो, पण नातीला आता तोही कळतो.

‘उन्हाळ कांदा’ म्हणताना ‘ळ’ अजून अडखळतो. पुढच्या तपासणीला येईन, तेव्हा तेवढं बघा.

आपला,
लासलगावचा लिलाववाला काका