पहिल्या बागायतदारांचे गुऱ्हाळ उभे करायचे आहे : अवजारे, साहित्य आणि जाणत्या हातांसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

1916 साली दारणा धरण पुरे झाले आणि नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यावरून निघणाऱ्या गोदावरी कालव्यांना भरवशाचे पाणी मिळू लागले. पाणी आले तरी कोपरगावच्या काळ्या रानात उसाचा सराव कुणाला नव्हता. तो सासवडकडच्या माळी कुटुंबांनी आणला. कऱ्हेच्या खोऱ्यात विहिरीवर मोट हाकून बागायत केलेली ही माणसे बैल, अवजारे, पोरेबाळे घेऊन आली. त्यांनी खंडाने (ठरावीक मोबदला देऊन कसायला) जमिनी घेतल्या, पाचटाच्या कोपीत संसार मांडले, कालव्याकाठचा हिवताप सोसला. पाणी जास्त झाले की रान चोपण, म्हणजे खारवट आणि नापीक होते, हे त्यांना इथेच कळले आणि मग त्यांनी पाणी काढायला चर खणले. याच समाजाने 1932 साली माळीनगरला साखर कारखाना काढला. रावबहादूर नारायणराव बोरावके यांचे नाव श्रीरामपूरच्या महाविद्यालयाला आहे. पण ज्यांचे नाव कशालाच दिलेले नाही, अशा शेकडो कुटुंबांची खूण म्हणजे त्यांची अवजारे, आणि ती आज गोठ्याच्या माळ्यावर नाहीतर भंगाराच्या ढिगात आहेत.

कारखाने येण्याआधी या पट्ट्यातला पैसा गुळाचा होता. म्हणून गावच्या जुन्या खळ्याच्या जागेत बैलाच्या चरकाचे (ऊस पिळायच्या यंत्राचे) गुऱ्हाळ उभे करून पौषात त्यावर खरे आधण, म्हणजे काहिलीभर रसाचा गूळ, उतरवायचे, असे ग्रामस्थ समितीने ठरवले आहे. नुसती मांडणी करून काचेआड ठेवली तर मुलांना त्यातले काहीच कळणार नाही.

लोखंडी चरक आणि काहिल (रस आटवायची मोठी कढई) समितीकडे आहे. चरकाच्या मधल्या रुळावरचे दात झिजले आहेत. दात नीट बसले नाहीत तर रूळ सरकतात आणि चिपाडात (पिळलेल्या उसाच्या चोथ्यात) रस राहतो. नवे दात ओतवून घेण्यासाठी रोख मदत हवी. बैल जुंपायच्या दांडीला बाभळीचे किंवा सागाचे किमान 12 फुटी, गाठी नसलेले लाकूड हवे. गाठ असली की तिथेच ताण येऊन दांडी मोडते.

चुलाणाला (काहिलीखालच्या भट्टीला) 2,000 पक्क्या विटा, दोन ट्रॉली पोयटा (गाळाची माती), शेण आणि चिपाडाचा भुसा लागेल. सिमेंट कृपया देऊ नका. आचेने ते तडकते आणि फटीतून जाळ बाहेर येतो. काहिलीची बैठक हेच चुलाणातले खरे काम. जाळ फक्त बुडाला लागला पाहिजे. तो रसाच्या पातळीच्या वर, कडेला लागला तर तिथला पाक करपतो आणि सगळी ढेप काळी पडते. चुलाण बांधलेला गवंडी आपल्या माहितीत असेल तर त्याचे दोन दिवस आम्हांला विटांपेक्षा मोलाचे आहेत.

ऊस दोन टन पुरेल. टनाला साधारण 100 किलो गूळ उतरतो. मात्र ऊस त्याच दिवशी सकाळी तोडलेला, पाला-मुळ्या काढलेला हवा. शिळ्या उसाचा रस आंबतो आणि गूळ धरत नाही, चिकटच राहतो. चुनाही बेताने घालावा लागतो. कमी पडला तर गूळ घट्ट होत नाही, जास्त झाला तर काळपट होतो. रसातली मळी वर आणायला हजार लिटर रसामागे दोन किलो हिरव्या भेंडीची ठेचलेली खोडे लागतील. जळणाला मागच्या हंगामातले कडकडीत वाळलेले चिपाड द्यावे. ओल्या चिपाडाने आच मंदावते, आधण रेंगाळते आणि गुळाचा रंग जातो. पाक 118 अंशांच्या आसपास उतरवायचा असतो. थर्मामीटर ठेवणारच आहोत, पण गार पाण्यात पाक टाकून बोटांनी गोळी पाहणारा गुळव्या हवा. असे हात आता मोजकेच उरले आहेत, म्हणून ही विनंती सगळ्यांत आधी वाचावी असे वाटते.

कुणाच्या परसात किंवा विहिरीकाठी जुना पुंड्या ऊस तग धरून असेल तर तीन डोळ्यांची 30 टिपरी द्यावीत. पीओजे 2878 आणि को 419 या उसाच्या नव्या जाती आल्यावर तो रानातून गेला. या मंडळींनी सुरुवात केली ती त्याच्यावर.

मोट, नाडा (मोटेचा जाड दोर), सोंदूर (मोटेच्या सोंडेचा दोर), चाक, कणा (चाकाचा आस), शिवळा (जुवाच्या खुंट्या), जुनी पहार, काहीही चालेल, मोडकेही चालेल. फक्त देण्याआधी साफ करू नका. कातडी मोट धुतली किंवा उन्हात टाकली की तडकते. लोखंड ॲसिडने घासले तर गंजाबरोबर कारागिराची खूणही जाते. लाकडाला ऑइलपेंट लावू नका, जू कुठे झिजले आहे त्यावरून बैल कसे चालत ते कळते. वाळवी दिसली तर वस्तू वेगळी ठेवून तसे सांगा, त्यावर आम्ही जवसाचे तेल लावण्याआधी उपचार करू. त्यासाठी 20 लिटर कच्चे जवस तेल हवे आहे.

कागद तर हवेतच: मोडीतल्या खतावण्या, खंडाचे करार, कालव्याचे पाणीपास, आडत्यांच्या गुळाच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या). चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. छायाप्रत काढून मूळ कागद आठ दिवसांत घरपोच परत करू. मोडी वाचणाऱ्यांनी आठवड्यातून दोन तास दिले तरी काम पुढे सरकेल.

वस्तूची नोंद ग्रामपंचायत कार्यालयात करावी. देणगीची छापील पावती मिळेल आणि अवजारावर देणाऱ्या घराचे नाव लिहिले जाईल. जड सामान न्यायला दर रविवारी ट्रॅक्टर येईल. कुणी जुनी काहिल देणार असेल तर ती उचलायला सहा माणसे लागतात, म्हणून ती आम्ही येईपर्यंत जागची हलवू नये. नाड्याच्या गाठी सोडू नयेत, कापूही नयेत, जसा गुंडाळला आहे तसाच द्यावा.